अण्णांचा ठिपका

अण्णा गेल्याच्या अकराव्या दिवशी, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी, ते घरात असल्याचं शालनबाईंच्या फोनवर दिसलं.

केतकी तेव्हा आपल्या खोलीत दार लावून, कानाला हेडफोन चढवून ऑफिसच्या मीटिंगला बसली होती. शालनबाई, तिच्या सासूबाई, दार ढकलून आत आल्या. फोन तिच्यापुढे धरला. पडद्यावर त्यांच्या फ्लॅटचा नकाशा होता. केतकीच्या खोलीत दोन निळे ठिपके, एक तिचा आणि एक सासूबाईंचा. पलीकडे तिच्या लेकीच्या, ओवीच्या खोलीत एक फिकट ठिपका. आणि अण्णांच्या खोलीत, पलंगाच्या जागी, एक चांगला ठळक ठिपका. त्याखाली लिहिलं होतं: शामराव इंगळे. घरात. श्वास मिनिटाला दहा.

"यंत्र बिघडलंय, आई," केतकी म्हणाली.

"मग तुझा आणि माझा ठिपका बरोबर कसा?"

केतकीने हेडफोन काढून ठेवले.

यंत्राचं सरकारी नाव मोठं भारदस्त होतं, गृह-श्वसन-संवेदक. कृष्णाकाठच्या त्या गावात त्याला दोन दिवसही कुणी त्या नावाने ओळखलं नाही. दाराच्या वर भिंतीला चिकटलेली, पांढुरकी, अधूनमधून चुक् चुक् करणारी वस्तू म्हटल्यावर लोकांनी तिला पाल म्हणून टाकलं. इमारतीत एक रुग्ण सापडला की वॉर्डाची माणसं येऊन घरोघर पाल बसवून जात, आणि मग बाहेर पडायचं नाव काढायचं नाही.

पालीची विद्या तशी सोपी होती. वायफायसारख्याच रेडिओलहरी ती घरभर सोडायची. त्या भिंतींतून आरपार जात आणि माणसाच्या अंगावर आपटून परत येत. श्वास घेतला की छाती जरा वर येते, सोडला की खाली जाते, आणि परतणारी लहर तेवढ्यानेही किंचित बदलते. त्या बदलावरून पाल श्वास मोजायची. नवा विषाणू अंगात वीस-वीस दिवस मुरून बसे आणि मग ताप कळून येण्याच्या आधी श्वास वाढवी, म्हणून हा सगळा खटाटोप. पालीला चेहरा दिसत नव्हता. पडलेल्या माणसाची उंचीजाडीही तिला धड कळत नसे. ती ओळखायची लयीवरून. जसं प्रत्येकाचं अक्षर वेगळं, तशी श्वासाची लयही वेगळी. पहिल्या दोन दिवसांत ती घरातल्या सगळ्यांची लय शिकून घेई आणि यादीतल्या नावांना जोडून टाकी. यादीतलं एखादं माणूस तिला सापडेनासं झालं, तर ते शेवटचं दिसलं तिथेच असणार असं धरून ती फिकट ठिपका काढायची, आणि आकडाही जुन्या नोंदींवरून अंदाजाने ठोकून द्यायची. माहितीपत्रकात हे बारीक अक्षरात छापलं होतं. केतकीने ते वाचलं होतं आणि विसरलीही होती.

अण्णांची लय तर पालीला पहिल्या तासातच पाठ झाली असणार. चाळीस वर्षं त्यांनी घाटावर पोरांना पाठीला भोपळे बांधून पोहायला शिकवलं होतं. पाणी अंगात इतकं मुरलेलं की दर पाच-सहा श्वासांनंतर ते एक खोल श्वास घेत, सात आकडे होईपर्यंत धरून ठेवत आणि मग तोंडाने सावकाश सोडत. झोपेतसुद्धा. लग्न झालं त्या वर्षी त्या थांबलेल्या श्वासाने आपण दचकून उठून बसायचो, हे शालनबाई अजून हसत सांगायच्या. लॉकडाऊनमध्ये घाट बंद झाला, तेव्हा अण्णांनी आठ वर्षांच्या ओवीला पलंगावर पालथं घातलं आणि गादीवरच हातपाय मारायला लावले. दमाचीही तालीम चालायची. "हातपायाचं सोड गं," ते म्हणायचे, "दम सांभाळ. दम सांभाळला की नदी आपल्याला वर धरती."

मग एका दुपारी पाल चुकचुकली. अण्णांचा आकडा चोवीस झाला, दुसऱ्या दिवशी तीस, तिसऱ्या दिवशी अडतीस. पांढऱ्या पोशाखातली माणसं आली. अण्णा स्वतःच्या पायांनी जिना उतरले, वळून ओवीला हात केला, आणि सहाव्या दिवशी फोन आला. दर्शन नाही, अग्नी नाही. अण्णांचा मुलगा, केतकीचा नवरा निनाद, वीज मंडळात होता. गावाचे दिवे चालू राहावेत म्हणून त्याला महिनाभर सबस्टेशनवरच मुक्कामाला ठेवलं होतं. त्यालाही बापाचं तोंड दिसलं नाही. अस्थी कुठल्याशा खोलीत नंबर लावून ठेवल्या होत्या.

दहाव्या दिवशी शालनबाईंनी भाताचा पिंड करून गॅलरीच्या कठड्यावर ठेवला. हात जोडून त्या उन्हात उभ्या राहिल्या. गेलेल्या माणसाची इच्छा अडली असेल तर कावळा शिवत नाही, म्हणून एकेक वचन देत गेल्या. निनादला सांभाळीन. ओवीला घाटावर नेईन. तुमची सायकल विकणार नाही. एकही कावळा फिरकला नाही. कावळे राहायचे ते समोरच्या खानावळीमागे, आणि खानावळ बंद होऊन तीन महिने झाले होते. केतकीने हे दोनदा सांगून पाहिलं. पण शालनबाईंनी मनाशी धरलं ते धरलंच. मालक अजून गेलेले नाहीत.

म्हणूनच पालीच्या यादीतून अण्णांचं नाव काढायचा फॉर्म तसाच पडून होता, आणि अकराव्या दिवसापर्यंत त्यांचा नुसता फिकट ठिपका नकाशावर राहिला होता. घरची नोंद शालनबाईंच्या फोनवर, त्यांच्या अंगठ्याशिवाय नाव निघेना, आणि कावळा शिवल्याशिवाय त्या अंगठा लावेनात.

अकराव्या दिवशी तो ठळक ठिपका चार वाजेपर्यंत होता, मग परत फिकट झाला. संध्याकाळी शालनबाई दहा दिवसांत पहिल्यांदा दोन घास नीट जेवल्या. वर थोडं ताक मागून घेतलं. केतकीला बरं वाटलं आणि बरं वाटल्याचीच भीतीही वाटली.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता ठिपका परत आला. तिसऱ्या दिवशीही. शालनबाईंनी अण्णांच्या खोलीचं दार ओढून घेतलं आणि हॉलमध्ये दारासमोर खुर्ची टाकून, मांडीवर फोन घेऊन त्या बसू लागल्या. आत कुणी जायचं नाही. "निजलेत ते," त्या कुजबुजायच्या. "बघायला गेलं की जातील." ओवीची दुपारची शाळा ऑनलाइन असायची. ती तिच्या खोलीत, असं केतकी धरून चालायची. नकाशावर तिचा ठिपका तिथेच असायचा, फिकट का होईना, श्वास अठरा.

केतकीने मदतकेंद्राला फोन लावला. पलीकडचा माणूस दमलेला होता, पण स्वभावाने चांगला.

"मॅडम, रिकाम्या खोलीत पाल ठिपका काढत नाही. फिकट असेल तर अंदाज समजा. ठळक असेल तर तिथं श्वास चालू आहे. त्यात चूक होत नाही."

"पण ते वारलेत."

"नाव काढून टाका मग. नाव काढलं की ती घरातले सगळे श्वास नव्याने जुळवते. एक मिनिट लागतं. मी इथून काढू शकत नाही."

केतकीने फोन ठेवला. ती इंजिनिअरिंग शिकलेली बाई, भुताखेतांची टर उडवणारी. तरी दुपारचे दोन वाजत आले की तिचं कामात लक्ष लागेना. घरातल्या भांड्यांचे, पंख्याचे आवाज तिला वेगळेच ऐकू येऊ लागले.

पाचव्या दिवशी तिने धीर केला. सासूबाई पाणी प्यायला उठल्या तेवढ्यात तिने अण्णांच्या खोलीचं दार उघडलं. आत कुणी नव्हतं. गॅलरीकडच्या दाराचा पडदा हलत होता. पलंगावर अण्णांचं चौकड्यांचं पांघरूण अर्धं बाजूला सरकलेलं, आणि गादीत मधोमध एक लहानसा खळगा. केतकीने तिथे तळहात टेकवला. गादी गरम होती.

ती तशीच धावत ओवीच्या खोलीत गेली. ओवी टेबलाशी बसली होती, पुढ्यात पुस्तक. गाल लालबुंद झाले होते.

"काय झालं मम्मी?"

"काही नाही. अभ्यास कर. किती गं उकडतंय इथे, पंखा वाढव की."

वैशाखाचं ऊन होतं, गाल लाल होणारच. केतकीने तिच्या कपाळाला हात लावला असता तर गोष्ट तिथेच संपली असती. पण पाल आल्यापासून त्या घरात कुणी कुणाच्या कपाळाला हात लावत नव्हतं. आकडा दिसत असताना हात कोण लावतो? या तापाची रीतही अशी की पहिले चार-पाच दिवस दुपारी चढायचा आणि दिवेलागणीला उतरायचा. संध्याकाळी ओवी टुणटुण उड्या मारत भडंग मागायला स्वयंपाकघरात आली, आणि केतकी गरम गादीचाच विचार करत राहिली.

सहाव्या दिवशी दुपारी पाल चुकचुकली. शालनबाईंनी मारलेली हाक ऐकून केतकी हेडफोन फेकून बाहेर आली.

शामराव इंगळे. श्वास चोवीस. सावधान.

"परत तसंच होतंय त्यांना," शालनबाई म्हणाल्या. "तेव्हा पण चोवीसपासनंच सुरू झालतं. केतकी, दम लागलाय गं त्यांना."

"आई, माझं ऐका. नाव काढून टाकू या. हे खरं नाही."

"मी नाही त्यांचं नाव कापणार. ना दहावं झालं, ना कावळा शिवला. माणूस घरात श्वास घेतंय आणि मी नाव कापू? कुठल्या तोंडाने?"

केतकीने हात जोडले, चिडली, शेवटी रडली. शालनबाई खुर्चीवरून हलल्या नाहीत. त्यांनी बंद दाराला तळहात लावला आणि हलकेच बोलू लागल्या, "सावकाश. सावकाश घ्या. दम सांभाळा." केतकीला तिथे उभं राहवेना. आपल्याच घरात आपण परक्या आहोत असं तिला वाटलं आणि ती जाऊन मीटिंगमध्ये बसली.

सातव्या दिवशी आकडा दोनलाच छत्तीस झाला, आणि लगेच निनादचा फोन आला. त्याचा आवाज फाटला होता.

"केतकी, वॉर्डातून फोन आलाय मला. अण्णांसाठी गाडी पाठवतायत. मी म्हटलं, अहो, वडील गेले माझे. ते म्हणतात, सिस्टिमला छत्तीस दिसतंय, नियमाप्रमाणे पेशंट न्यावाच लागतो. अर्ध्या तासात येतील. आईला दे जरा."

शालनबाईंनी मुलाचं बोलणं ऐकून घेतलं. फोन कानापासून खाली आणला. त्यांचा चेहरा एकदम कोरा झाला होता.

"परत न्यायला येणार?" त्या म्हणाल्या. "परत तसंच, पांढऱ्या कपड्यात? एकट्याला?"

"आई..."

"नाही. एकदा नेलं तेवढं पुष्कळ झालं. त्या जिन्यावरनं मी त्यांना परत नाही उतरू द्यायची." त्यांनी फोन केतकीपुढे केला. "कुठं लावायचा अंगठा?"

केतकीने जागा दाखवली. ही व्यक्ती कायमची काढायची का, असं पडद्यावर विचारलं होतं. शालनबाईंनी कुंकू पुसावं तसा एकदाच, घट्ट अंगठा फिरवला. फोन थरथरला. शामराव इंगळे, नोंद रद्द. रुग्णवाहिका रद्द. मग एक चक्र फिरत राहिलं, फिरत राहिलं. शालनबाईंनी डोळे मिटून घेतले होते. केतकी मात्र बघत होती, आणि ठिपका विझायची वाट पाहत होती.

ठिपका विझला नाही. तो अण्णांच्या पलंगावर होता तसाच राहिला, ठळक. पलीकडच्या खोलीतला फिकट ठिपका तेवढा नाहीसा झाला. आणि पलंगावरच्या ठिपक्याखाली नवं नाव उमटलं.

ओवी इंगळे. श्वास एकोणचाळीस.

केतकी किंचाळली की नाही हे तिला पुढे कधी आठवलं नाही. दार तिने उघडलं की सासूबाईंनी, तेही नाही. अण्णांच्या चौकड्यांच्या पांघरुणाखाली ओवी उताणी पडली होती. गॅलरीकडचं दार सताड उघडं होतं, तिच्या खोलीतून ती रोज तिथूनच यायची. ओठ काळसर निळे पडले होते. छाती भराभर वरखाली होत होती, आणि मध्येच ती सगळं बळ एकवटून एक मोठा श्वास ओढत होती, धरत होती, आणि पांघरुणावर तिची बोटं एकेक उघडत होती. एक, दोन, तीन. चौथ्याला दम सुटला आणि ती खोकू लागली.

तिच्या कपाळाला हात लावताच चटका बसला.

रद्द झालेली गाडी परत मागवायला तासभर लागेल असं उत्तर आलं. निनाद सबस्टेशनवरून लाइनमनची जीप घेऊन निघाला, शिड्या आणि वायरी टपावर तशाच घेऊन, आणि बावीस मिनिटांत जिन्यापाशी आला. ओवीला त्याने उचललं तेव्हा तिने डोळे उघडून आजीकडे पाहिलं आणि काहीतरी म्हणाली. ते कुणालाच कळलं नाही.

एकोणीस दिवस ओवी रुग्णालयात होती. त्यांतले सहा दिवस ती राहील की जाईल हे डॉक्टरही सांगत नव्हते. नळी काढल्यावर एका डॉक्टरीणबाईंनी फोनवर विचारलं, "हिला श्वास धरायला कुणी शिकवलं हो? आम्ही सांगायच्या आधीच मोजून मोजून घेते. फार उपयोग झाला त्याचा." केतकीने हे सासूबाईंना सांगितलं. शालनबाईंनी नुसती मान हलवली. त्या दिवसांत त्या घरात कामापुरत्याच बोलत होत्या. फोन त्यांनी केतकीच्या स्वाधीन केला होता.

ओवी घरी आली ती निम्मी होऊन आली. पहिल्याच दुपारी शालनबाई तिला मांडीवर घेऊन गुरगुट्या भात भरवत होत्या. केतकी समोर बसली होती. तिच्याने राहवलं नाही.

"ओवी, तू अण्णांच्या पलंगावर का जाऊन झोपायचीस गं?"

"पहिल्या दिवशी उगीच गेले होते," ओवी म्हणाली. "अण्णांचा वास येतो तिथं. मग मी दमाची तालीम केली, आणि आज्जी बाहेर ओरडली, आले, आले म्हणून. त्या दिवशी आज्जी जेवली."

शालनबाईंचा हात ताटावर थांबला.

"मग मी रोज जायचे. अण्णांसारखा श्वास घेतला की आज्जीच्या फोनवर अण्णा यायचे."

"आणि ताप आला तेव्हा?" केतकीचा आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. "बरं वाटत नव्हतं तर मला सांगायचं नाही?"

ओवीने घास गिळला. तिला या प्रश्नात विचारण्यासारखं काय आहे ते कळत नव्हतं.

"सांगितलं असतं तर मला नेलं असतं ना? मग अण्णा कोण झालं असतं?"

शालनबाईंनी ताट खाली ठेवलं. ओवीचं डोकं त्यांनी छातीशी इतकं घट्ट धरलं की ती "आज्जी, दुखतंय" म्हणाली. दाराला हात लावून आपण ज्याला "दम सांभाळा" म्हणत होतो, तो कोण होता, हे आता त्यांना ऐकायला मिळालं होतं. केतकीला त्यांचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त आला, आणि त्या रागाचं काय करायचं ते तिला समजेना. ती उठून उगाचच भांडी घासू लागली.

पाल काढायला अजून तीन दिवस होते. ओवी आता अण्णांच्याच खोलीत झोपायची, दारं उघडी ठेवून. दुसऱ्या दिवशी दुपारी, दोनच्या सुमारास, स्वयंपाकघरात ठेवलेला फोन वाजला. केतकीने उचलला. शालनबाई पोळ्या लाटत होत्या, त्या लाटणं हातात घेऊनच जवळ आल्या.

घरात नोंद नसलेली व्यक्ती आढळली आहे. नाव नोंदवा किंवा वॉर्डाला कळवा.

नकाशावर अण्णांच्या पलंगावर एक बिननावाचा ठळक ठिपका होता. श्वास दहा. शेजारी ओवीचा ठिपका, फिकट.

दोघी खोलीच्या दारात गेल्या. ओवी कुशीवर वळून झोपली होती, तोंड किंचित उघडं, हात गालाखाली. ती सोंग करत नव्हती. बोटंही मोजत नव्हती, ती सैल पडली होती. पाच साधे श्वास गेले. मग एक खोल श्वास आला, आणि थांबला. शेजारी शालनबाईंचे ओठ हलत होते. चार. पाच. सहा. सात. ओवीने तोंडाने तो श्वास सावकाश सोडला आणि परत पहिल्यासारखी झोपून गेली.

शालनबाईंनी लाटणं खाली ठेवलं. मग त्यांनी पिठाचे हात पदराला पुसले, पलंगाच्या कडेला बसल्या आणि ओवीच्या कपाळावर तळहात ठेवला. कपाळ गार होतं. त्यांनी केतकीकडून फोन मागून घेतला. नावाची चौकट उघडी होती. त्यांचं बोट तिच्यावर बराच वेळ नुसतं थांबलं, आणि केतकीने श्वास रोखला.

शालनबाईंनी एकेक अक्षर जपून दाबलं. ओवी.

हे नाव यादीत आधीच आहे, पालीने कळवलं. ही तीच व्यक्ती आहे का?

"तीच आहे," शालनबाई तोंडानेच म्हणाल्या, आणि होय दाबून त्यांनी फोन गादीवर पालथा ठेवला. मग ओवीच्या पाठीवर हात ठेवून, पुढचा मोठा श्वास येईपर्यंत, मोजत बसून राहिल्या.